कवठ्याचं घराणं, नारायणगावचं नाव

‘भाऊ बापू मांग नारायणगावकर.’ तमाशाच्या फडाचं हे नाव चार शब्दांचं आहे. पहिले दोन शब्द दोन भावांचे, तिसरा त्यांच्या जातीचा, चौथा गावाचा. घराण्याचं आडनाव खुडे. ते या नावात कुठेच नाही. आणि जे गाव नावात आहे, ते घराण्याचं मूळ गाव नव्हे. या भावांचे वडील नारायण खुडे हे शिरूर तालुक्यातल्या कवठे येमाईचे. आंबेगाव तालुक्याच्या पूर्व टोकाला लोणी-धामणीचा जो कोरडा पट्टा आहे, त्याच्या शेजारचंच हे गाव. लोणीच्या माणसाला कवठं म्हणजे जाण्यायेण्यातलं, ओळखीपाळखीचं. तरीही महाराष्ट्राला ठाऊक झाले ते कवठेकर नाहीत, नारायणगावकर.

हे नाव कसं बदललं आणि त्यासोबत आणखी काय काय बदललं, ते सांगण्यासाठी हा लेख. आमच्या भागाचा इतिहास लिहायला बसलेले लोक शिवनेरीपासून सुरुवात करतात, नाणेघाटापर्यंत मागे जातात, आणि ते योग्यच आहे. पण गेल्या शंभर वर्षांत जुन्नर-आंबेगावचं नाव विदर्भापासून कोल्हापूरपर्यंत गावोगावच्या भिंतींवर कुणी चिकटवलं असेल, तर ते तमाशाच्या फडांनी. त्या इतिहासाला अजून दप्तरात जागा मिळालेली नाही.

आधी या भागातल्या रात्रींबद्दल सांगायला हवं. धामणीला म्हाळसाकांत खंडोबाचं देऊळ आहे, माघी पौर्णिमेला त्याची यात्रा भरते. घरात लग्नकार्य झालं की खंडोबाचं जागरण घालायचं, देवीचा गोंधळ घालायचा, ही इथली रीत. जागरणात वाघ्या कथा सांगतो, मुरळी घोळ वाजवत नाचते, दिमडी आणि तुणतुणं साथीला असतं. म्हाळसा रुसते, बाणाईच्या ओढीने देव धनगरवाड्यावर जातो, तिथे मेंढरं राखतो. गोंधळात संबळ कडाडतो आणि गोंधळी बोलता बोलता गाऊ लागतो, गाता गाता नाचू लागतो. कथा, गाणं आणि नाच यांच्या सीमा अंगणातल्या पोरालाही सांगता येत नाहीत, कारण त्याने त्या कधी वेगळ्या पाहिलेल्याच नसतात. ऐकणाऱ्याला कथेचा शेवट पाठ असतो. तरी तो पहाटेपर्यंत घोंगडीवर बसून राहतो. तमाशाला जो प्रेक्षक मिळाला, तो असा आयता तयार झालेला होता. बसायचं कसं आणि किती वेळ, हे त्याला देवाने शिकवलं होतं.

तमाशाची वाट मात्र देवघरातून आलेली नाही. उत्तर पेशवाईत शाहिरांचा जो बहर आला, त्यात संगमनेरचा अनंत फंदी होता, सोलापूरचा राम जोशी होता, होनाजी-बाळा, परशराम, सगनभाऊ, प्रभाकर होते. पेशवाई बुडाली, आश्रयदाते गेले आणि लावणी वाड्यातून निघून माळावर आली. माळावरच्या माणसाला नुसती लावणी पुरेना. त्याला गोष्ट हवी होती. १८६५ च्या सुमारास सावळजच्या उमा-बाबू यांनी ‘मोहना-छेलबटाऊ’ रचला आणि तमाशाला वग मिळाला, म्हणजे रात्रभर पुरेल असं नाट्य. गण, गौळण, बतावणी आणि मग वग, ही उतरंड तिथून पक्की होत गेली.

फड बांधणारे हात बहुतेक मांग आणि महार समाजातले होते, आणि त्याचं कारण गावगाड्यात आहे. हलगी वाजवणं हे गावाने मांगांना लावून दिलेलं काम होतं. देवाची पालखी निघाली, वरात निघाली, बैलपोळा आला की हलगी घेऊन पुढे चालायचं. वाजवणाऱ्याला ‘येतोस का’ असं कुणी विचारत नसे, कारण ते बलुत्यातच धरलेलं. मोबदला म्हणून खळ्यावरचं धान्य, ते देणाऱ्याच्या मर्जीने. वाजवणारा पालखीच्या पुढे, पण देवळाच्या बाहेर. तमाशाच्या ढोलकीत आणि हलगीत जी तालीम ऐकू येते, ती पिढ्यान्‌पिढ्यांच्या या सक्तीतून आलेली आहे. ही गोष्ट बाजूला ठेवून तमाशाचं कौतुक करणं मला अप्रामाणिक वाटतं.

नारायण खुडे यांनी फड उभा केला तो या पार्श्वभूमीवर. पुढे त्यांची मुलं भाऊ आणि बापू यांनी तो नावारूपाला आणला आणि त्यांचं बिऱ्हाड नारायणगावशी कायमचं बांधलं गेलं.

तोवर तमाशात आणखी एक मोठा बदल झालेला होता. पूर्वी बाईचं काम नाच्या पोऱ्या करायचा. लुगडं नेसून, चाळ बांधून पुरुषच नाचायचे. संगमनेर तालुक्यातल्या हिवरगावची पवळा ही बोर्डावर उभी राहिलेल्या पहिल्या नामवंत स्त्रियांपैकी. वाळवे तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, म्हणजे पठ्ठे बापूराव, जात आणि घर सोडून तमाशात आले होते. बापूरावांची लेखणी आणि पवळाचा आवाज एकत्र आल्यावर मुंबईपर्यंत गर्दी उसळली. ब्राह्मण शाहीर आणि महार नायिका या जोडीवर पुढे पुस्तकं निघाली, नाटकं झाली. पण १९२७ च्या महाड सत्याग्रहाच्या वेळची हकीकत मला जास्त महत्त्वाची वाटते. बापूरावांनी आपल्या खेळांचं उत्पन्न सत्याग्रहासाठी देऊ केलं आणि डॉ. आंबेडकरांनी ते घेतलं नाही. आपल्या समाजातल्या बायकांना नाचवून आलेला पैसा नको, ही त्यांची भूमिका होती. तमाशावर प्रेम करणाऱ्या कुणालाही हा नकार ओलांडून पुढे जाता येत नाही. एका बाजूला असामान्य कला, दुसऱ्या बाजूला त्या कलेच्या आडून बाईकडे पाहणारी गावाची नजर. दोन्ही खरं आहे, आणि पुढच्या साऱ्या कहाणीत दोन्ही सोबतच चालतात.

पण एवढ्या गावांतून नारायणगावच का?

नकाशा उघडला की निम्मं उत्तर मिळतं. पुणे-नाशिक रस्ता, मीना नदीचं पाणी, एका अंगाला जुन्नर-ओतूर, दुसऱ्या अंगाला बेल्हे आणि पुढे पारनेर, खाली मंचर-खेड, वर आळेफाट्यावरून संगमनेर-अकोले. पूर्वी बैलगाडीने आणि नंतर ट्रकने, एका रात्रीचा खेळ संपवून दुसऱ्या रात्री दुसऱ्या गावात पोचता येईल अशा टप्प्यात शेकडो गावं. दुसरं निम्मं उत्तर पंचांगात आहे. रब्बी निघाली, खळी झाली, हातात थोडा पैसा आला की पाडव्यापासून जत्रा लागतात. अक्षय्य तृतीयेपर्यंत त्यांची नुसती रांग आणि वैशाखी पौर्णिमेपर्यंत शेपूट. प्रत्येक गावची तिथी ठरलेली. कुणाची चैत्री पौर्णिमा, कुणाची अष्टमी, कुणाचा पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार. एकाच तिथीला दहा गावांची जत्रा असली की दहा फड लागतात. मग फडांनी एकेका गावाच्या दारात जाण्यापेक्षा सगळ्यांनी एकाच जागी राहुट्या ठोकाव्यात आणि गावांनी तिथे यावं, हे सोयीचं ठरलं. जसा इथे आज टोमॅटोचा बाजार भरतो, तसा इथे तमाशाचा बाजार भरू लागला. लोक त्याला तमाशाची पंढरी म्हणतात.

या राहुट्यांत काय घडतं ते नीट पाहिलं पाहिजे. पुढे फडाच्या नावाचा फलक, मालकाचे आणि नायिकांचे फोटो. आत गादी, वही घेऊन बसलेला मॅनेजर. जत्रा कमिटीचे पाच-सहा जण जीपमधून उतरतात, दोन-तीन राहुट्या फिरतात, चहा होतो. यंदा बायका किती, वग कोणता, सोंगाड्या तोच का गेल्या वर्षीचा, ढोलकीला कोण, अशी विचारपूस होते. भाव होतो, ओढाताण होते, कुणी उठून जायचं नाटक करतो. मग विसार दिला जातो, नारळ दिला जातो आणि सुपारी ठरते. लिखापढी होते.

ज्यांच्या आज्याला पालखीपुढे न विचारता उभं केलं जायचं, त्यांच्या राहुटीत आता पाटील येऊन बसतो आणि तारीख मोकळी आहे का असं विचारतो. फडमालक नाही म्हणू शकतो. बलुत्याच्या धान्यापासून सुपारीच्या आकड्यापर्यंतचं हे अंतर कुठल्या कायद्याने एका दिवसात कापलं गेलेलं नाही. गावकामगारांची कनिष्ठ वतनं रद्द करणारा कायदा मुंबई राज्यात १९५८ मध्ये आला, त्याच्या आधीच कलावंतांनी आपल्यापुरती वाट काढायला सुरुवात केली होती. या कहाणीतला हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. तरीही फलकावर ‘मांग’ हा शब्द होताच. गावाने फडाला आपलं नाव दिलं, पण जात सोडू दिली नाही. कलावंतांनी मग तोच शब्द ठळक अक्षरांत रंगवला आणि त्याच नावावर तिकिटं विकली.

भाऊंच्या घरी १९३५ मध्ये मुलगी जन्मली. फड त्या वेळी पंढरपुरात होता. विठ्ठलाच्या गावात जन्मली म्हणून नाव विठा. तिला कुणी शिकवलं असं म्हणता येत नाही. कनातीच्या मागे झोळीत झोपून जी मुलगी रोज रात्री ढोलकी ऐकते, तिच्या अंगात ताल वेगळा घालावा लागत नाही. विठाबाई वयात आली तेव्हा तमाशावर एक वाईट काळ येऊन गेला होता. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत बाळासाहेब खेरांच्या सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली. हजारो माणसांच्या चुली विझायची वेळ आली. दत्तो वामन पोतदारांच्या अध्यक्षतेखाली तमाशा सुधार समिती नेमली गेली, बंदी उठली, पण वग लिहून आधी तपासून घ्यायचा ही अट आली. जो वग फडाच्या बैठकीत तोंडी जुळत जायचा, गावागावाप्रमाणे बदलायचा, आयत्या वेळच्या टाळीवर वाढायचा, त्याला कागदावर उतरवून शिक्का घ्यायची वेळ आली. सोंगाड्याने मात्र आपली जीभ शिक्क्याबाहेरच ठेवली.

त्याच सुमारास शहरानेही तमाशा उचलला होता. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने १९४४ पासून गणाच्या जागी मातीचं आणि कष्टकऱ्याचं वंदन आणलं, त्याला लोकनाट्य म्हटलं. पुढे वसंत सबनीसांचं ‘विच्छा माझी पुरी करा’ आलं, १९७२ मध्ये ‘पिंजरा’ने पडदा गाजवला. यातलं बरंच मला आवडतं. पण ‘पिंजरा’ पाहून तमाशा कळला असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा जत्रेतली रात्र काढायला हवी होती.

त्या रात्रीबद्दल सांगतो, कारण ती लिहून ठेवायलाच हवी. दुपारी घाटात बैलगाडे पळून झालेले असतात, गुलालाने धूळ लाल झालेली असते. देवाचा छबिना फिरून देवळात जातो आणि मग माळावरून ढोलकीचा पहिला आवाज येतो. माणसं पोती, घोंगड्या घेऊन निघतात. आधी वाद्यांची सलामी, ढोलकी आणि हलगी एकमेकींना डिवचतात, कडं आणि तुणतुणं मागे भरत राहतं. मग गण. फडात कितीही रंगेल माणसं असोत, गणाला सगळे ताठ उभे. नंतर गौळण. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी, त्यांच्या म्होरक्या मावशीबाई, म्हणजे मिशा काढलेला पुरुष, आणि वाट अडवणारा कृष्ण. सोबत लंगडा पेंद्या. या जागी देव माणसात येतो. मावशी त्याला त्या गावच्या सरपंचाच्या नावाने झापते आणि सरपंच पहिल्या रांगेत हसत असतो. मग बतावणी, रंगबाजी, लावण्या, दौलतजादा. मध्यरात्र उलटली की वग उभा राहतो. राजा, प्रधान, चोर, सावकार, दरोडेखोर. थंडीने माणसं एकमेकांना चिकटतात, पोरं मांडीवर झोपतात, म्हाताऱ्या मात्र डोळ्याला पदर लावून जाग्या. कोंबडा आरवताना वगातल्या सत्याचा जय होतो.

आणि तेवढ्याने सुटका नसते. सकाळी हजेरी असते. रात्रभर नाचलेल्या पोरी तोंडावर पाणी मारून पुन्हा उभ्या राहतात, उन्हात, देवळासमोर. दुपारी कुस्त्यांचा आखाडा लागेपर्यंत हजेरी चालते. तोवर मागे राहुट्या सुटत असतात, गाडी भरली जात असते, कारण संध्याकाळी दुसरं गाव. बाकीच्या दिवसांत, दसऱ्यापासून पुढे, कनातीत तिकिटावर खेळ. हिशेब सरळ आहे: पावसाळ्यात मोठी उचल घ्यायची, फड बांधायचा, हंगामात फेडायची. हंगाम बुडाला की कर्ज पुढच्या पिढीच्या डोक्यावर.

अशाच एका रात्रीची विठाबाईंची गोष्ट महाराष्ट्राला माहीत आहे. नऊ महिने भरलेले असताना त्या बोर्डावर उभ्या होत्या. कळा सुरू झाल्या तशा त्या मागे गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ ठेचून तोडली आणि परत खेळाला आल्या. पोट दिसेना म्हणून प्रेक्षकांच्या लक्षात आलं. त्यांनीच खेळ थांबवायला लावला आणि बाईंना विश्रांती घ्यायला सांगितलं. ही गोष्ट नेहमी कलेवरच्या निष्ठेची म्हणून सांगितली जाते. निष्ठा होतीच, त्यात शंका नाही. पण सुपारी घेतलेली होती, शंभर माणसांचं पोट त्या रात्रीवर होतं, आणि खेळ अर्धा राहिला तर पैसे कापले जाण्याची भीती प्रत्येक फडाला असते, हेही त्याच गोष्टीत आहे. मला त्या रात्रीत आणखी एक दिसतं. लोकांनी ‘थांबवा’ म्हटलं. पैसे मोजून आलेल्या माणसांना बोर्डावरची बाई त्या क्षणी बाळंतीण म्हणून दिसली. आमच्या मातीतल्या प्रेक्षकाबद्दल अभिमानाने सांगावं असं जे थोडंफार आहे, त्यात हे मी मोजतो.

विठाबाईंना १९५७ मध्ये आणि पुन्हा १९९० मध्ये राष्ट्रपतींचं पदक मिळालं. स्वतःचा फड काढल्यावरही त्यांनी वडिलांचं नाव सोडलं नाही. फलकावर शेवटपर्यंत ‘विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर’ असंच राहिलं. बाप, जात, गाव, तिन्ही. पैसा आला तसा गेला. जानेवारी २००२ मध्ये त्या गेल्या, तेव्हा दवाखान्याचं बिल भागवायला लोकांनी वर्गणी केली. २००६ मध्ये राज्य सरकारने त्यांच्या नावाने तमाशातला जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. जिवंतपणी थोडी पेन्शन आणि नीट उपचार मिळाले असते, तर पुरस्काराला जास्त शोभा आली असती. त्यांच्या कन्या मंगला बनसोडे यांनी मोठा फड पुढे वर्षानुवर्षं चालवला. शंभराहून जास्त माणसं, ट्रक, जनरेटर, झगमगता मंच. गण-गौळण आखूड झाली, सिनेमाची गाणी लांबली, वग कधी कधी दोन तासांत उरकू लागला. जुने लोक नाक मुरडतात. पण त्याच फडांकडे सिनेमाची गाणी मागणारे आपणच होतो, हेही मान्य करायला हवं.

२०२० मध्ये पाडवा २५ मार्चला होता. देशभरातल्या टाळेबंदीचा तो पहिला दिवस. वर्षाच्या सुपाऱ्यांचा मुख्य दिवस आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. दिलेल्या तारखा रद्द झाल्या, पुढच्या वर्षीही जत्रा भरल्या नाहीत. उचल घेऊन बसलेले फड मोडले. ढोलकीवाले भाजीच्या गाड्यांवर, मजुरीवर गेले. काही परत आले, काही नाही.

तरी राहुट्या पुन्हा लागल्या. पाडव्याच्या आसपास नारायणगावला गेलात तर अजूनही दिसतील, रस्त्याकडेला ओळीने, ‘-कर’, ‘-कर’ असे फलक लावून. एका राहुटीत आमच्याकडची माणसं बसली होती, मी दाराशी उभा होतो. चहाचे कप रिकामे झाले होते, आकडा जुळला होता. मॅनेजरने वही उघडली, पेनाचं टोपण काढलं.

“गाव?”

“लोणी.”

“कुठलं लोणी? काळभोर का कंद?”

“नाही नाही. लोणी-धामणीचं. तालुका आंबेगाव. कवठ्याच्या शेजारचं.”

कवठ्याचं नाव ऐकल्यावर त्याने मान वर करून एकदा पाहिलं, मग खाली घालून लिहिलं. “हजेरी किती वाजता लावायची?”